कोमांची भाषेचे वर्ग व त्यांवरील आक्षेप

अमेरिकेंतील ओक्लाहोमा राज्याच्या नैर्ऋत्य भागांत, लॉटन शहर व त्याच्या आसपासचीं गांवें यांमध्यें, गेल्या तीस वर्षांहून अधिक काळ एक लहानसा उद्योग चालला आहे. कोमांची नांवाच्या जमातीचे लोक एखाद्या सभागृहांत किंवा चर्चच्या खोलींत जमतात, आणि जी भाषा त्यांच्या पणजीच्या तोंडीं श्वासाइतकी सहज होती ती फळ्यावरून व वहींतून शिकतात. शिकविणारे बहुधा म्हातारे असतात. शिकणारांत आजोबाही असतात आणि नातवंडेंही. ह्या वर्गांची हकीकत आमच्याकडील सुशिक्षितांच्या बैठकींत निघाली म्हणजे जें मतप्रदर्शन होतें, त्याचा परामर्श घेणें अवश्य वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

तें मत साधारणतः असें असतें. भाषा ही सजीव वस्तु आहे; ती जन्मते, वाढते व मरते. लॅटिन गेली, संस्कृत लोकांच्या तोंडून गेली, तेथें मूठभर घोडेस्वार शिकाऱ्यांची बोली गेली तर शोक कसला? शिवाय ती शिकून पोट भरणार नाहीं. तींत शास्त्र नाहीं, वाङ्मय नाहीं. आणि इतकाच जिव्हाळा असेल तर एक जाडजूड कोश छापावा, चार वृद्धांचे आवाज यंत्रांत भरून ठेवावे, म्हणजे झालें. आठवड्यांतून दोन तास वर्ग भरवून कोणाला भाषा येत असते काय? हें सगळें इतक्या शांतपणें व इतक्या समंजस मुद्रेनें बोललें जातें कीं ऐकणारास तें शास्त्रवचनच वाटावें. आमच्या मतें ह्यांतील पहिलें विधान असत्य आहे, दुसरें अज्ञानमूलक आहे, आणि तिसऱ्यांत जें थोडें सत्य आहे तें आक्षेपकांवरच उलटणारें आहे.

प्रथम हे लोक कोण तें पाहूं. ते स्वतःस ‘नुमुनू’, म्हणजे ‘माणसें’, म्हणवितात. ‘कोमांची’ हें नांव शेजारच्या यूट जमातीच्या शब्दावरून स्पॅनिश लोकांच्या मार्फत रूढ झालें असून त्याचा मूळ अर्थ ‘शत्रु’ असा सांगतात. म्हणजे वैऱ्यानें ठेवलेलें नांवच जगानें कायम केलें! त्यांची भाषा युटो-अझ्टेकन कुळांतील. मेक्सिकोंतील अझ्टेक साम्राज्याची नाहुआत्ल भाषा ह्याच कुळांतली. उत्तरेकडील शोशोनी लोकांपासून इ. स. १७०० च्या सुमारास हे वेगळे झाले, दक्षिणेस उतरले, स्पॅनिशांनीं आणलेले घोडे त्यांनीं आपलेसे केले, आणि पुढें सुमारें दीडशें वर्षें अमेरिकेच्या दक्षिण मैदानावर त्यांचा दरारा होता. १७८६ सालीं न्यू मेक्सिकोच्या स्पॅनिश गव्हर्नरास त्यांच्याशीं बरोबरीच्या नात्यानें तह करावा लागला. त्या मैदानांतील व्यापारांत निरनिराळ्या जमातींचे लोक परस्परांशीं बोलावयास कोमांचीचाच उपयोग करीत. तेव्हां ‘मूठभर शिकाऱ्यांची बोली’ हें वर्णन करणाऱ्यांनीं इतिहासाचें पुस्तक उघडलेलें नाहीं, इतकेंच त्यावरून सिद्ध होतें.

आतां ही भाषा मेली कशी, किंवा मरावयास टेंकली कशी, हा मुख्य प्रश्न. येथें ‘स्वाभाविक मरण’ हा शब्दप्रयोग करणें म्हणजे पंचनाम्यावर खोटी सही करणें होय. १८६७ च्या ऑक्टोबरांत कॅन्सासमधील मेडिसिन लॉज येथें अमेरिकन सरकारनें कायोवा व कोमांची यांच्याशीं तह केला. त्या तहाच्या एका कलमानें सहा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींस शाळेंत धाडण्याची सक्ती जमातींवर लादली, आणि दर तीस मुलांमागें एक शाळागृह व इंग्रजी शिक्षणाचीं मूलतत्त्वें शिकविणारा एक शिक्षक देण्याचें आश्वासन दिलें. म्हणजे भाषांतराची योजना तहाच्या शाईंतच होती. १८७१ मध्यें फोर्ट सिल येथें निवासी शाळा निघाली. १८७५ मध्यें क्वाना पार्कर व त्याचे अनुयायी शरण आले, आणि कोमांचींचें स्वतंत्र जीवन संपलें. त्याच वर्षीं कोमांची, कायोवा, शायेन इत्यादि जमातींतील बहात्तर कैदी फ्लोरिडांतील एका किल्ल्यांत ठेवण्यांत आले. त्यांच्यावर देखरेख करणारा अधिकारी रिचर्ड प्रॅट यानें तेथें जो प्रयोग केला, त्याचेंच वाढविलेलें रूप म्हणजे १८७९ मध्यें पेन्सिल्व्हेनियांत निघालेली कार्लाइलची सुप्रसिद्ध निवासी शाळा. माणूस वांचवावयाचा तर त्याच्या आंतला इंडियन मारला पाहिजे, अशा अर्थाचें त्याचें १८९२ मधील उद्गार जगजाहीर आहेत. आणि हा एका लष्करी गृहस्थाचा लहरीपणा होता असें कोणी म्हणेल, तर १८८७ मध्यें मूळ रहिवाशांच्या कारभाराचे सरकारी आयुक्त ॲट्किन्स यांनीं काढलेला हुकूम पाहावा. त्या हुकुमानें अशा शाळांतून मुलांच्या मातृभाषेचा वापर बंद करण्यांत आला. शिक्षण इंग्रजींतूनच व्हावें, दुसऱ्या भाषेंतून होऊं नये, असें ठरलें. अशा शाळांतून शिकून आलेल्यांच्या आठवणींत आपल्या भाषेंतला शब्द निघाला म्हणून साबणानें तोंड धुतल्याच्या व मार खाल्ल्याच्या हकीकती पुनःपुन्हां येतात.

शाळेनें मुलें घेतलीं; राहिलेलें काम जमिनीच्या वांटपानें केलें. कोमांचींस मिळालेली राखीव भूमि १९०१ मध्यें मोडण्यांत आली. प्रत्येकास १६० एकर तोडून देऊन उरलेली जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांस सोडत काढून वांटली. पूर्वीं ज्यांच्या वस्त्या एकमेकांस लागून होत्या, तीं कुटुंबें आतां दूरदूरच्या चौकोनी शेतांवर पडलीं, आणि मध्यें इंग्रजी बोलणारा शेजार आला. भाषेस व्याकरणापेक्षां शेजाराची गरज अधिक असते. विहिरीवर, अंगणांत, बाजाराच्या वाटेवर ज्या बोलीस उत्तर मिळत नाहीं ती घराच्या उंबरठ्याआंत किती दिवस टिकेल?

ह्या प्रकारास लॅटिनचा दाखला देणारांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, लॅटिन मेलीच नाहीं. ती बोलतां बोलतां बदलली आणि इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश ह्या तिच्या मुली आज सुखानें नांदत आहेत. प्राचीन आर्यभाषा प्राकृतांच्या वाटेनें आमच्या मराठीपर्यंत आली. कोणत्याही पिढींतील मुलास आपल्या आजीचें बोलणें कळलें नाहीं असें त्या वाटेंत कधीं घडलें नाहीं. कोमांचीच्या जागीं मात्र तिची मुलगी आलेली नाहीं. परकी भाषा आली, आणि तीही दोन-तीन पिढ्यांत. वृद्धापकाळानें आलेलें मरण आणि गळा दाबून आलेलें मरण यांतील भेद न्यायाधीशास कळतो, वैद्यास कळतो. तो भाषेच्या बाबतींत आमच्या सुशिक्षितांस कां कळूं नये, हें कोडें आहे.

येथें एक प्रतिप्रश्न येतो, आणि तो अप्रामाणिक नाहीं. कोमांची आईबापांनींच आपल्या मुलांशीं इंग्रजी बोलावयास सुरुवात केली ना? मग दोष कोणाचा? होय, केली. ज्या मुलानें आपल्या भाषेपायीं शाळेंत मार खाल्ला, त्यानें बाप झाल्यावर आपल्या मुलास ती भाषा दिली नाहीं, ह्यांत भाषाद्रोह नसून अपत्यप्रेम आहे. त्याच्या हातांत दोनच वस्तु होत्या, भाषा आणि मुलाची पाठ. त्यानें मुलाची पाठ वांचविली. इंग्रजी शिकण्यास त्या लोकांचा विरोध होता असेंही नाहीं. प्रत्यक्ष क्वाना पार्करनें आपलीं मुलें कार्लाइलला धाडलीं होतीं. परंतु इंग्रजी शिकणें आणि कोमांची विसरणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठीं दुसरी आवश्यक आहे हा सिद्धांत शिक्षणशास्त्राचा नव्हे, तो सत्तेचा आहे. दोन भाषा एका तोंडांत सुखानें राहतात, हें इंग्रजी शिकून मराठींत लिहिणाऱ्या आमच्या पिढ्यान् पिढ्यांनीं दाखवून दिलें आहे.

आतां उपयोगाचा प्रश्न. तींत शास्त्र नाहीं, आधुनिक व्यवहार तींत चालणार नाहीं, असें म्हणणारांनीं पुढील कथा लक्षपूर्वक ऐकावी. १९४० च्या अखेरीस व १९४१ च्या आरंभीं अमेरिकन सैन्यानें सतरा कोमांची तरुण मुद्दाम निवडून भरती केले. कां? तर शत्रूस उलगडणार नाहीं अशी संदेशभाषा हवी होती, आणि ती कोमांचींत मिळण्यासारखी होती! ह्या तरुणांनीं जॉर्जियांतील लष्करी तळावर बसून युद्धाच्या सामग्रीस आपल्या भाषेंत नांवें बनविलीं. रणगाडा म्हणजे ‘कासव’, मशीनगन म्हणजे ‘शिवणयंत्र’, बॉम्ब टाकणारें विमान म्हणजे ‘गरोदर विमान’, आणि हिटलर म्हणजे ‘वेडा गोरा माणूस’. त्यांतले चौदा जण युरोपांत गेले; १९४४ च्या जून महिन्यांत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या चौथ्या पायदळ डिव्हिजनचे निरोप ह्या भाषेंतून गेले, आणि ते शत्रूस कधींच उलगडले नाहींत. ज्या भाषेस कांहीं महिन्यांत रणगाडा पचवितां आला, तिला आधुनिक व्यवहार झेपणार नाहीं हें म्हणणें कोणत्या तोंडानें करावें? ह्या तुकडींतील शेवटचे हयात सैनिक चार्ल्स चिबिटी सांगत कीं, लहानपणीं शाळेंत ही भाषा बोलल्याबद्दल आम्हांस शिक्षा होई, आणि पुढें त्याच सरकारनें तीच भाषा बोलावयास आम्हांस बोलाविलें. फ्रान्सनें १९८९ मध्यें ह्या सैनिकांचा गौरव केला. स्वदेशाच्या काँग्रेसनें तसा कायदा केला २००८ मध्यें, आणि पदकें दिलीं २०१३ मध्यें. चिबिटी २००५ मध्येंच वारले होते. भाषेची किंमत ठरविणाऱ्या लोकांची नजर किती अधू असूं शकते, ह्याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आणि युद्धाचा उपयोग बाजूस ठेवला तरी त्या भाषेची घडण काय सामान्य आहे? आम्हीं ‘तोडलें’ म्हणतों, तेथें कोमांची क्रियापदाच्या आरंभींचा उपसर्ग ती क्रिया हातानें झाली, पायानें झाली कीं दांतांनीं झाली हें सांगून मोकळा होतो. संस्कृतांतील द्विवचन मराठीनें टाकून दिलें. कोमांचींत एकवचन, द्विवचन व बहुवचन तिन्ही जिवंत आहेत. तिच्यांतील कांहीं स्वर कुजबुजल्यासारखे, नाद न करतां उच्चारिले जातात. मराठी वाचकास एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. आमच्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत भेद आहे. ‘आमचें घर’ म्हणतांना ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपलें घर’ म्हणतांना तो आंत येतो. इंग्रजी बिचारी दोहोंस एकाच शब्दांत कोंबते. कोमांचींत मात्र हा भेद आमच्यासारखाच स्पष्ट आहे. ज्या कोमांची मुलाची भाषा इंग्रजी झाली त्याच्या हातून शब्दसंग्रहाबरोबर हा भेदही गेला. समोरच्यास एका सर्वनामानें आंत घेण्याची सोय गेली.

हेंच सर्वनाम ह्या वर्गांच्या इतिहासांत फार अर्थपूर्ण रीतीनें आलें आहे. १९९३ मध्यें कोमांचींनीं आपल्या भाषेच्या व संस्कृतीच्या जतनासाठीं एक समिति स्थापन केली. ॲलिस अँडर्टन ह्या भाषाशास्त्रज्ञ बाईंच्या साह्यानें वर्णमाला तयार झाली, आणि १९९४ मध्यें जमातीनें ती अधिकृत म्हणून स्वीकारिली. कुजबुजत्या स्वरांखालीं रेघ द्यावी, कंठांत क्षणभर अडणाऱ्या ध्वनीस प्रश्नचिन्ह वापरावें, असे साधे नियम तींत आहेत. मग धडे झाले, ध्वनिफिती झाल्या, गांवोगांवचे वर्ग झाले. १९९० मध्यें रॉबिन्सन व आर्मागोस्ट ह्या अभ्यासकांचा कोश व व्याकरण प्रसिद्ध झालेंच होतें. तें काम मोलाचें आहे, त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु पुढें २००३ मध्यें समितीनें वृद्ध भाषिकांकडून स्वतःचा कोश सिद्ध करविला, आणि त्याच्या नांवाचा पहिला शब्द ठेवला ‘ता’. ह्या ‘ता’चा अर्थ ‘आमचा’ असा नसून ‘आपला’ असा आहे. पुस्तक हातीं घेणारा नातू त्या एका अक्षरानें मालक ठरतो. जतनाचें काम परक्यानें केलें म्हणजे भाषा संग्रहालयाची होते. घरच्यांनीं केलें म्हणजे ती घरची राहते, हा भेद आमच्या आक्षेपकांच्या लक्षांत कधीं येत नाहीं.

आणि म्हणूनच ‘कोश छापा, आवाज भरून ठेवा’ हा सल्ला आम्हांस निरुपयोगीच नव्हे तर कांहींसा निर्दयही वाटतो. कोश हा भाषेचा जमाखर्च आहे. त्या वहींतले रुपये बाजारांत चालत नाहींत. ह्याचा एक पुरावा देतों. जोसेफ कॅसाग्रांडे ह्या मानववंशशास्त्रज्ञानें १९४८ मध्यें कोमांचींतील तान्ह्या मुलांच्या बोलीवर एक निबंध प्रसिद्ध केला. आमच्याकडे जसे मंमं, बाऊ, भूभू, जोजो हे शब्द असतात, तसा मांडीवरच्या मुलाशीं बोलावयाचा एक वेगळा शब्दसंग्रह त्या लोकांत होता. तो निबंध आज कोणत्याही मोठ्या ग्रंथालयांत वाचावयास मिळतो. शब्द जसेच्या तसे सुरक्षित आहेत. पण ते शब्द मोठ्या माणसांसाठीं कधींच नव्हते. ते ज्याच्यासाठीं होते तें मूल इंग्रजींत झोपीं जाऊं लागलें, त्या दिवशीं त्यांचें जतन करून कांहीं उरलें नाहीं. भाषेचें खरें भांडार तेथें, आईच्या व तान्ह्याच्या मध्यें आहे. यंत्रांत आवाज राहतो, पण यंत्रास कोणी प्रश्न विचारला तर तें उत्तर देत नाहीं आणि चुकलेल्या मुलास हंसून सुधारीत नाहीं. हें काम माणूसच करूं शकतो, आणि माणसें जमवावयाची म्हणजे वर्ग भरविणें आलें.

आतां तिसऱ्या आक्षेपांतील सत्यांश. आठवड्यांतून दोन तासांत भाषा येत नाहीं हें खरें. पण हा हिशेब पुरा करावा, अर्धा करून थांबूं नये. आठवड्यास दोन तास म्हणजे वर्षास सुमारें शंभर तास. निवासी शाळेंतील मूल रोज जागेपणींचे चौदा तास इंग्रजीच्या पहाऱ्यांत असे. सात दिवसांत अठ्ठ्याण्णव तास भरत. म्हणजे आजचा वर्ग जें वर्षभरांत देतो तितकें त्या शाळेनें एका आठवड्यांत हिरावून घेतलें होतें, आणि असे आठवडे तिनें पिढ्यान् पिढ्या चालविले. फोर्ट सिलची शाळा बंद पडली ती १९८० मध्यें. १९३० नंतर सरकारी धोरण कांहींसें निवळलें हें कबूल, पण तोंवर भाषेचा धागा घरोघर तुटला होता. ह्या दोन पारड्यांकडे पाहून जो हलक्या पारड्यास हंसतो, त्यास तराजू कोणीं धरला हें विचारण्याचें सुचूं नये?

आणि तराजूंत पैसाही आहे. अमेरिकेच्या गृहखात्यानें ह्या निवासी शाळांची चौकशी करून २०२२ व २०२४ मध्यें दोन अहवाल प्रसिद्ध केले. संघसरकारच्या आश्रयानें चाललेल्या अशा चारशेंहून अधिक शाळा त्यांत मोजल्या आहेत. १८७१ ते १९६९ ह्या काळांत ह्या शाळांवर व तत्संबंधीं धोरणावर झालेली तरतूद आजच्या चलनांत २३ अब्ज डॉलरांहून अधिक भरते, असें दुसऱ्या अहवालांत नमूद आहे. आणि झालेल्या हानीच्या निवारणार्थ निदान त्या प्रमाणांत खर्च करावा अशी शिफारसही आहे. २०२४ च्या ऑक्टोबरांत राष्ट्राध्यक्ष बायडन यांनीं ह्या शाळांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. क्षमा मागितली हें उत्तम. परंतु सावकाराची माफी मागून ऋण फिटत नाहीं. मूळ भाषांचें रक्षण हें राष्ट्राचें धोरण आहे असा कायदा अमेरिकेनें १९९० मध्यें केला, आणि अनुदानाची वाट १९९२ च्या कायद्यानें काढली. पण तीं अनुदानें अर्ज करून, इतर जमातींशीं स्पर्धा करून, ठराविक वर्षांपुरतीं मिळवावयाचीं असतात. भाषा मारतांना कोणास अर्ज करावा लागला नव्हता. ती जगवितांना मात्र अर्ज! मुदत संपली कीं शिक्षक गेला, शिक्षक गेला कीं वर्ग गेला. लॉटन येथें कोमांचींनीं २००२ मध्यें स्वतःचें महाविद्यालय काढलें होतें, तेथेंही ही भाषा शिकवीत. तें २०१७ मध्यें बंद पडलें. अशा स्थितींत वर्ग तोकडे पडले तर तो दोष वर्ग चालविणारांचा मानावा, कीं ज्यांनीं शंभर वर्षें मुक्तहस्तें खर्च करून आतां हात आंखडला त्यांचा?

मग काय केलें पाहिजे, हेंही अंधारांत नाहीं. न्यूझीलंडमधील माओरी लोकांनीं १९८२ मध्यें बालशाळा काढल्या. त्यांना ते ‘भाषेचें घरटें’ म्हणतात. तेथें तान्हीं मुलें दिवसभर वृद्ध भाषिकांच्या सहवासांत राहतात, आणि कानांवर माओरीच पडते. कॅलिफोर्नियांतील लहान लहान जमातींनीं पुढील दशकांत दुसरी रीत काढली: एक वृद्ध भाषिक आणि एक तरुण शिष्य यांनीं घरकाम, स्वयंपाक, प्रवास सर्व बरोबर करावें आणि त्या वेळीं इंग्रजीचा शब्द काढूं नये. आमच्या गुरुकुलाच्या कल्पनेशीं परिचित असलेल्या वाचकास ह्यांत नवल वाटणार नाहीं. कोमांचींनींही ही गुरुशिष्यपद्धति अवलंबून पाहिली. अर्थात् उपाय माहीत आहेत. हवा आहे वेळ, वेतन आणि सातत्य. संध्याकाळच्या वर्गावर आक्षेप घेणारानें त्याच्या जागीं दिवसभराची बालशाळा मागितली, तर त्याच्याशीं आमचा वाद नाहीं. पण तो तें मागत नाहीं. तो वर्ग अपुरा म्हणतो, तो बंद करण्यासाठीं!

अखेरचा आक्षेप संख्येचा. जमातीची पटसंख्या सुमारें १७,००० आणि घरींच भाषा शिकून ती अस्खलित बोलणारे पन्नासाच्या आंत, तेव्हां आतां फार उशीर झाला, असें म्हणतात. उशीर झाला ह्यांत शंका नाहीं. परंतु ज्या घराला आग लागली आहे तेथें ‘आतां फार उशीर झाला’ हें वाक्य पाणी नेणारास ऐकविणें हा कोणता शहाणपणा? शिवाय वर्गांतून जो तरुण बाहेर पडतो तो अडखळत बोलतो, इंग्रजी वळणानें बोलतो, चुका करतो, हेंही कोणी कुत्सितपणें दाखवितात. चुका करणारच, ज्याला चुका करण्याचें वय आईच्या मांडीवर लाभलें नाहीं तो त्या तिशींत करतो. ह्या अडखळत्या बोलण्याची किंमत आम्ही मोठी मानतों, कारण त्याच्या मागें कोणाची सक्ती नाहीं, नोकरीची आशा नाहीं, परीक्षेचें गुणपत्रक नाहीं. २०२२ मध्यें ‘प्रे’ नांवाचा एक अमेरिकन चित्रपट निघाला. त्यांतील कथा अठराव्या शतकाच्या आरंभींच्या कोमांची मुलीची आहे, आणि तो समग्र कोमांची भाषेंतही ध्वनिमुद्रित करण्यांत आला. असा तो पहिलाच चित्रपट. त्यानें भाषा वांचली असें आम्ही म्हणणार नाहीं. चित्रपट पाहून घरीं परत गेल्यावर मूल आईशीं कोणत्या भाषेंत बोलतें, हा प्रश्न उरतोच. पण ज्या भाषेस शाळेंत तोंड उघडण्याची बंदी होती, तिच्यांतून एखादें पोर दोन तास हंसलें, भ्यालें, टाळ्या पिटलीं, ही गोष्ट नगण्य नव्हे.

आम्हीं ह्या वर्गांच्या यशाची हमी देत नाहीं. पन्नास वर्षांनीं कोमांची घराघरांत बोलली जाईल कीं केवळ प्रार्थनेंत व गाण्यांत उरेल, हें भविष्य वर्तविण्याचें कारण नाहीं. आमचें म्हणणें मर्यादित आहे. ती भाषा कोणीं व कशी संपवीत आणली हें तहाच्या कलमांत, हुकुमांत व सरकारी अहवालांत लिहिलेलें आहे. जितके तास आणि जितका पैसा ती पुसण्यासाठीं खर्च झाला, तितके तास आणि तितका पैसा ती शिकविण्यासाठीं मिळाला पाहिजे. आणि तो मिळेपर्यंत जे वृद्ध संध्याकाळीं खडू घेऊन उभे राहतात, त्यांच्या प्रयत्नास व्यर्थ म्हणण्याचा अधिकार कोणासही पोंचत नाहीं. निदान ज्यांच्या भाषेंत ‘आमचें’ आणि ‘आपलें’ हे दोन निराळे शब्द आहेत, त्या मराठी वाचकानें तरी दुसऱ्या एका समाजाच्या तोंडून तो भेद पुसला जातांना समंजस मुद्रा करून बसूं नये.